पंचनाम्याआधीची बुरशी

सापगावचा नथू भातसानगरजवळ एका ठेकेदाराच्या गोदामावर पहारेकरी होता. १९९३ साली तेथे चोरी झाली. सकाळी तुटलेले कुलूप जमिनीवर दिसले आणि नथूने ते सहज उचलून खिडकीत ठेवले. एवढ्या एका कृतीपायी आठ महिने त्याच्याकडे चोर म्हणून पाहिले गेले. खरा चोर सापडल्यावरही त्याला कोणी दोन चांगले शब्द बोलले नाही. तेव्हापासून त्याचा नियम ठरला: पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. माणसांवरचा उडालेला विश्वास त्याने या नियमावर ठेवला.

२००५च्या जुलैअखेर नदीचे पाणी त्याच्या घरात मांडीएवढे चढले आणि दुसऱ्या दिवशी उतरले. घरकर्ज देताना बँकेने पुराचा विमा उतरवून घेतला होता. भिंतींचा गिलावा सुटू लागला होता, लाकडी कपाट फुगले होते. तो खर्च नथूच्या कमाईत बसणारा नव्हता. विम्यावरच सारी भिस्त होती. बायको गोदू फडके घेऊन उठली, तेव्हा तो दारात आडवा आला.

"हात नाय लावायचा. विम्याचा मानूस बघून जाऊ दे."

"अवो, घर वास मारतंय! तो येनार वरातीमागच्या घोड्यासारखा!"

"पुसलंस तर म्हनतील, पूर आलाच नाय."

विम्याचा सर्व्हेअर बाराव्या दिवशी आला. गोदू म्हणाली, "बाराव्याला आलात साहेब, आता जेवूनच जा."

त्याने टेपने भिंत मोजली. चिखलाची रेघ मांडीएवढी होती. काळी-हिरवी बुरशी छातीपर्यंत चढली होती.

"काका, पाण्यानं भिजलं त्याचं मिळेल. बुरशीचं तसं नाही. सुकवायची खटपट करूनही ती आली, तरच धरता येते. ओलं तसंच ठेवलं तर तो तुमचा निष्काळजीपणा."

"ठेवलं ते तुमच्यासाठीच ना? हलवलं असतं तर तुमीच लबाड म्हनला असता."

"फोटो काढून मग सुकवायचं."

"क्यामेरा काय भाताच्या कणगीत ठेवतात?"

सर्व्हेअर हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "रोज पुसत होतो असं लिहून द्या. मी बघतो."

नथूचा चेहरा कठोर झाला. हा माणूस दया करतो आहे की खोटे लिहून घेऊन सगळाच दावा बुडवणार आहे? या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मलाही देता येत नाही. ज्याला एकदा विनाकारण चोर ठरवले, त्याने पुढच्या सौजन्यात सापळा पाहिला, तर दोष केवळ त्याचा मानता येत नाही.

"खोटं नाय लिवनार," तो म्हणाला.

"खोटं कशाला?" गोदू आतून बोलली. "मागची खोली मी पुसलीय. रोज. तुमी नाक्यावर गेलात का मागं पुसत होते. तरी उगवतच होती."

"माझ्या मागं?"

"तुमच्या पुढं पुसू दिलं असतंत का?"

नथू सर्व्हेअरकडे पाहू लागला, मग गोदूकडे. दोघांनी आधीच काही ठरवले नसेल ना, असे ते पाहणे होते. तो मागच्या खोलीत गेला. भिंतीवर फडक्याचे आडवे फराटे होते; त्यांच्यावर बुरशीचे नवे, बारीक ठिपके उठले होते. असे ठिपके कोणाला घडवता येत नाहीत.

"लिवा," बाहेर येऊन तो म्हणाला. "पन तिनं पुसलं असं लिवा. मी नाय पुसलं. आणि मागचीच खोली. पुढची नाय."

सर्व्हेअरने तसेच लिहिले. मागच्या खोलीची बुरशी नुकसानीत धरली गेली. पुढच्या खोलीची आणि कपाटाची धरली नाही. नथूने कागद तीनदा वाचून घेतला आणि सही केली.

सर्व्हेअर गेल्यावर तो म्हणाला, "विम्याचं पत्र येईपर्यंत पुढच्या खोलीला हात लावू नको." तो समोर उभा असतानाच गोदूने बादली भरली आणि पुढची भिंत पुसायला घेतली.