टिकल्यांची विहीर

काळजी करण्यात आमच्या मावशीच्या यजमानांचा हात धरणारा माणूस जुन्नर-आंबेगावात झाला नाही आणि होणारही नाही. मढला त्यांच्या घरी पाणी मिळे ते उकळलेलं, तेही दोनदा. पाहुण्याची एसटी दहा मिनिटं उशिरा आली की काका फाट्यावर जाऊन उभे. आळीची पिण्याची विहीर त्यांच्याच वावरात होती. पावसाळा लागला की पंचायतीच्या शिपायामागे लागून ते तीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकून घेत. तो बिचारा त्यांना पाहून वाट बदलायचा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक प्राध्यापक गावच्या तळ्यावर आले आणि काकांना नवीनच घोर लावून गेले. शेपटीपाशी लाल टिकली असलेला बोटभर मासा तिथं होता; आम्ही त्याला टिकल्या म्हणायचो. तो दुसऱ्या कुठल्याच तळ्यात नाही, असं प्राध्यापक म्हणाले. झालं, काकांची झोप उडाली. भेटेल त्याला ते सांगत, "दुनियेत कुठं न्हाई, राव. हितंच हाय. हितनं गेला म्हंजी गेलाच." पोरांच्या तापातही हे इतके कासावीस झाले नव्हते, असं मावशी म्हणायची.

तशात तळ्याचा ठेका मासेवाल्याला दिला गेला आणि रोहू-कटल्याचं बी सोडायचं ठरलं. त्या मोठ्या माशांपुढे टिकल्याचा काय निभाव लागणार? काकांनी मावशीच्या जुन्या पातळानं एकवीस टिकले धरले आणि हंड्यातून आणून विहिरीत सोडले. रोज सकाळी काठावर ओणवं होऊन ते मोजत.

मग पावसाळा तोंडावर आला. पावडर टाकली तर मासे मरणार, न टाकली तर आळीत जुलाब-उलट्या. काका दोनदा पंचायतीच्या दारापर्यंत गेले आणि दारातूनच परत आले. त्यांचं जेवण सुटलं.

एक दिवस काका आणि मी ओतूरच्या बाजारातून परतलो, तर शिपाई रिकामी बादली घेऊन वाटेतच भेटला. "काका, यंदा तुमची हीर पयली केली. तुमाला सांगाया यायला लागू नये म्हनून."

काका हातातल्या पिशव्यांसह तसेच विहिरीवर गेले; मागोमाग मी आणि शिपाई. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. मला वाटलं, आता शिपायाची धडगत नाही. काका हळूच म्हणाले, "बरं केलंस. लोकं पितात."

तळ्यात नंतर टिकल्या कुणाला दिसला नाही. काकाही गेले, आता मला उशीर झाला तर फाट्यावर कुणी नसतं, आणि ते फार लागतं. पण तो शिपाई पावडर टाकण्याआधी अजून काठावर ओणवा होतो, बराच वेळ पाण्यात बघतो, आणि मगच बादली ओततो.