खाटेखालचा गंज

पूस महिन्यात असा पाऊस पडावा, याला काही रीत आहे? पण ब्रह्मपुरीत तो सकाळपासून पडत होता, आणि कुंताच्या किरायाच्या खोलीत जरा जास्तच. दिवाळीत वानरांनी छपरावरचे कवेलू फोडले, तेव्हापासून ती घरमालकिणीला सांगायचं टाळत होती. आधीच्या किरायादारानं नळावरून कुरकुर केली, तर ज्योत्स्नाबाईंनी त्याला आठ दिवसांत खोली रिकामी करायला लावली होती. नदीकाठचं गाव सोडून कुंता इथे आली ती पोरीच्या, दामिनीच्या, कॉलेजसाठी. आता ऐन परीक्षेत तिला घेऊन जायचं कुठे?

म्हणून गळतीखाली भात शिजवायचा मोठा गंज ठेवून ती गुपचूप बसली होती. तेवढ्यात दार वाजलं.

"कुंता, हायेस का वो घरी?"

ज्योत्स्नाबाईच! कुंतानं गंज खाटेखाली सरकवला, ओल्या जमिनीवर गोधडी टाकली आणि दार उघडलं. मागे गोधडीवर टपटप सुरूच होती. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. पदरानं ओलं डोकं पुसत त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "एखादा मोठा गंज दे ना वो. माह्या घरी तीन जागी गळून राह्यलं. कोनाले सांगू नोको."

कुंताला एवढं हायसं वाटलं, की तिनं झटकन वाकून खाटेखालचा गंज ओढला आणि बाईंच्या हातात दिला.

पाण्यासकट.