मामाची अ‍ॅम्बॅसिडर, दाजींची पद्मिनी

जगात गाड्या दोनच. माझी अ‍ॅम्बॅसिडर आणि माझ्या दाजींची पद्मिनी. (बाकी सगळी पत्र्याची खेळणी!) मी रोज सकाळी ऑइल तपासतो, दाजी दर रविवारी कार्बोरेटर साफ करतात. मी चढावरच्या ताकदीचा विषय काढला की ते लिटरला किती पळते ते काढतात, आणि ताई चहाचे कप उचलून आत जाते.

त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरलं तेव्हा प्रश्न एकच उरला. येडशीहून नळदुर्गच्या मंगल कार्यालयात नवरी कुणाच्या गाडीतून जाणार?

"नवरीला मांडवात मामाच आणतो. मग गाडीबी मामाचीच!" मी ठणकावलं.

"व्हय की. फकस्त मुहूर्त गाठा म्हंजी झालं," दाजी शांतपणे म्हणाले.

म्हणजे संशय! दाजींनी पद्मिनीला झेंडूचा एक हार घातला होता. मी अकरा घातले! पुढची जाळी अशी गच्च भरली, की आत वारा शिरायला फट राहिली नाही. (हे मला आज कळतंय. त्या दिवशी फक्त छाती फुगली होती.)

तुळजापूर मागं पडलं आणि काटा लालमध्ये गेला. बॉनेटमधून वाफा!

"मामा, गाडी लई तापलीय!" भाची किंचाळली.

"ताकदीची हाय, तापणारच!"

शेवटी धाब्यावर थांबलो. डोक्यावरचा फेटा काढून रेडिएटरच्या झाकणावर टाकला आणि झाकण घाईनं फिरवलं. फस्स्! गंजकं पाणी थेट आभाळात! तोंड वाचलं, पांढरा सदरा मात्र विटकरी झाला.

"काका, नाकातोंडात फुलं कोंबलीत तुमी. दम कुठनं घ्यावा तिनं?" धाबेवाला म्हणाला.

मुहूर्ताला पाऊण तास! माझ्यामुळं पोरीचा मुहूर्त चुकणार! तेवढ्यात मागून पद्मिनी आली. दाजींनी नुसतं मागचं दार उघडलं. (बोलले असते तर बरं झालं असतं!)

आणि पद्मिनी पळाली! काय पळाली! ट्रकमागून ट्रक मागं पडत होते, भाची टाळ्या पिटत होती, आणि मीच ओरडत होतो, "दाबा दाजी, दाबा!"

कार्यालयात पोचलो तोच माइकवरून पुकारा झाला, "मामांनी नवरीला घेऊन यावं!" मी भाचीचा हात धरला, मान ताठ केली आणि पाऊल टाकलं.

फोटोग्राफर खेकसला, "ओ ड्रायव्हर, व्हा बाजूला! मामाला येऊ द्या की फोटोत!"