मावसबहिणीला आत सोडत नाहीत

ती पडदे शिवायची, म्हणून सगळे तिला पडदेवाली म्हणत. तिच्याबरोबर राहायची ती मास्तरीण. मास्तरीण लोकांना गाडी चालवायला शिकवायची आणि दुसऱ्याच्या गाडीत मागे बसली तरी तिचा पाय ब्रेक शोधायचा. एक तोंडाची फटकळ, दुसरी घुमी. दोघींचं कसं जमलं ते देव जाणे, पण जमलं होतं. मास्तरणीला यायला जरा उशीर झाला की पडदेवालीची शिवण वाकडी जायचीच.

पहिलं घर भाड्याने घेताना मालकीणबाईंनी विचारलं होतं, "तुम्ही एकमेकींच्या कोण?" सख्ख्या बहिणी म्हणावं तर एक ताडमाड, दुसरी बुटकी. पडदेवालीने ठोकून दिलं, "मावसबहिणी." झालं! शेजारी, दुकानदार, गिऱ्हाइकं, सगळ्यांसाठी त्या मावसबहिणी झाल्या. लोक खरं नातंही निभावत नाहीत इतक्या इमानाने ह्या दोघींनी ते खोटं निभावलं. पडदे न्यायला आलेल्या एका वकीलबाईंच्या काय ते लक्षात आलं. त्या हळूच म्हणाल्या, "दवाखान्यासाठी तरी एकमेकींच्या नावाने कागद करून ठेवा." मास्तरीण हसली, "आम्हाला काय धाड भरलीय?" तहान लागल्याशिवाय विहीर खणायची नाही, हा तिचा बाणा.

आणि एका सकाळी शिकवता शिकवताच ती छाती धरून वाकली. शेजारी बसलेल्या आजोबांना अजून गाडी धड वळवता येत नव्हती, पण त्यांनी तिला दवाखान्यात नीट पोचवलं. दुपारी हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. त्याआधी जवळच्या माणसांना पाच मिनिटं आत सोडणार होते.

"तुम्ही कोण?" आयसीयूच्या दारातल्या सिस्टरने विचारलं.

"मावसबहीण," पडदेवालीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मावस-चुलत चालत नाही हो ताई. नवरा, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं, एवढीच."

तेवढ्यात मास्तरणीचा भाऊ आला. दवाखान्याने कळवलं म्हणून आला होता, नाहीतर तो कित्येक वर्षं बहिणीशी बोलतही नव्हता. त्याने नाव सांगितलं आणि तो सरळ आत गेला. ह्याला साधं ठाऊक तरी असेल का, की ती उजव्या कुशीवर झोपते? एकदा, फक्त एकदा तिचा हात हातात घ्यायला मिळावा, एवढंच तिला हवं होतं. दुपारनंतर तो हात तसाच ऊबदार असेल याची खात्री कोण देणार?

भाऊ बाहेर आला तशी ती उठली. आयुष्यात कोणापुढे जे बोलली नव्हती ते सिस्टरपुढे बोलली. "मी खोटं सांगितलं. मी तिची मावसबहीण नाही. आम्ही जोडीदार आहोत. नवरा-बायको राहतात तशा राहतो."

"थांबा, पेशंट शुद्धीवर आहेत, त्यांनाच विचारते," म्हणून सिस्टर आत गेली. परत आली ती अवघडलेलीच.

"त्या म्हणतात, तुम्ही मावसबहीणच आहात. पुन्हा पुन्हा तेच सांगतायत. 'तिला त्रास देऊ नका' म्हणतात."

मास्तरीण तिला सांभाळत होती! अंगाला नळ्या लावलेल्या असतानाही तिला वाटलं, बाहेर कोणीतरी माझ्या माणसाला आडवंतिडवं विचारतंय. पडदेवालीला हसू आलं, मग राग आला, मग रडू आवरेना. "अगं बये, आज तरी खरं बोल की!" ती बंद दाराला म्हणाली.

भाऊ घसा खाकरून सिस्टरला म्हणाला, "आमच्या आईला बहीणच नव्हती. ह्या सांगतायत ते खरं आहे."

"असेल हो. माझं काही म्हणणं नाही," सिस्टर म्हणाली, आणि ती मनापासून म्हणत होती. "पण कायद्याने ह्या त्यांच्या कोणीच नाहीत. उद्या काही झालं तर जाब मला विचारतील."

पडदेवाली बाकावर बसली. भाऊही जरा अंतर ठेवून बसला.

"तिचे पाय झाकलेत का?" तिने विचारलं.

"पाय?"

"पाय उघडे राहिले की तिला भीती वाटते. सांगत नाही कोणाला."

"बघितलं नाही मी," तो ओशाळून म्हणाला.

"मग जा ना, झाकून या," ती म्हणाली. "तुम्हाला सोडतात."