तव्यावरचा हॅलिबट

तिकडे लेकीची संध्याकाळ असते तेव्हा इकडे माझा सकाळचा चहा चाललेला असतो. आज व्हिडिओ कॉलवर तिनं मला तवा दाखवला. लोण्यात हॅलिबट माशाची पांढरीशुभ्र तुकडी चुरचुरत होती.

"मीठ, मिरपूड आणि वरून लिंबू. ऑफिसातून दमून आलं तरी पटकन होतं, आई!"

मी बघतच राहिले. हीच मुलगी लहानपणी बांगडे तळायला घेतले की नाक दाबून जिन्यात जाऊन बसायची. तिच्यासाठी मी घरात मासळी आणणंच बंद केलं. मी, मालवणची! कुणासाठी काही सोडलं, की त्याला ते मनातून ठाऊक असेल असं आपण धरूनच चालतो. बोलून कशाला दाखवायचं?

पलीकडून जावयानं विचारलं, "आईंना आवडतात का गं मासे?"

"छे! आमच्याकडे मासे कधी व्हायचेच नाहीत," असं हसत म्हणून तिनं तुकडी उलटली.

खालची बाजू छान खरपूस झाली होती. "मस्त दिसतंय गं," मी म्हटलं. इतकी वर्षं नाक दाबून जिन्यात मीच बसले होते.