टकटकीत जाळी

गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली, म्हणून लोक त्यांना थंडेराव म्हणायचे. खरं नाव बायकोला आणि वीजबिलाला ठाऊक. बोलणं हळू, आवाज कधी चढायचा नाही, कंप्रेसर उघडला तरी हाताला घाई नसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, माणूस नावासारखाच आहे. पण या थंड माणसाच्या पोटात एक शेगडी कायम पेटलेली असायची आणि तिच्यावर एकच माणूस शेकत असायचा, तो म्हणजे त्यांचा धाकटा साडू.

साडू डेंटिंग-पेंटिंगचं काम करायचा. वयानं आठ वर्षांनी लहान. काम करताना शीळ घालायचा आणि कुठंही गेला तरी पाच मिनिटांत तिथला होऊन जायचा. सासुरवाडीला थंडेराव पहिले जावई, पण साडू आल्यापासून सासूबाई दारातच विचारायच्या, "आणि ते नाही का आले?" पंखा दुरुस्त केला थंडेरावांनी, तर दुसऱ्या दिवशी घरात कौतुक साडूनं रंगवलेल्या फाटकाचं. अशा बारीकसारीक गोष्टी थंडेरावांच्या मनात साठून राहायच्या. बायको म्हणायची, "अहो, त्या बिचाऱ्याला पत्तासुद्धा नाही." तेच तर जास्त झोंबायचं.

मग डॉक्टरीणबाईंची गाडी आली. डोळ्यांच्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांच्या वडिलांची अडुसष्ट सालची लांबलचक गाडी बावीस वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. ती त्यांना होती तशी उभी करायची होती आणि पुढच्या वर्षी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची होती. पत्रा आणि रंग साडूकडे, एसी थंडेरावांकडे.

"एक अट आहे," बाई म्हणाल्या. "एसी त्याच काळातला हवा. बाबांनी डॅशबोर्डखाली टांगलेला होता ना, तसाच. आत नवीन बसवून वर जुनं झाकण, असलं काही नको. परीक्षक वाकून वाकून बघतात."

थंडेरावांना मनातून गुदगुल्या झाल्या. हे काम त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. त्या काळचा कंप्रेसर म्हणजे बिडाचा ठोकळा, दोन माणसांनी उचलावा असा. डॅशबोर्डखालचं युनिट म्हणजे पेटीसारखं, पुढं चकचकीत पट्ट्यांची जाळी आणि दोन गोल बटणं. मूळ गाडीतलं सगळं कुणीतरी कधीच काढून विकलं होतं. ते बनवणारा कारखाना बंद होऊनही जमाना झालेला.

त्यांनी शोध सुरू केला. भंगारवाल्यांच्या पत्र्यांखाली शिरले, जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना फोटो पाठवले, म्हाताऱ्या मेकॅनिकांच्या घरी जाऊन तास तास त्यांच्या गुडघेदुखीच्या गोष्टी ऐकल्या. आठ महिने गेले. शेवटी एका रोपवाटिकेच्या मागं फुलं गार ठेवून वाहून नेणारी जुनी व्हॅन सापडली. चाकं मातीत रुतलेली, इंजिनावर वेल चढलेला. वेल बाजूला केला तर आत तोच कंप्रेसर! गाडीसाठी आणि व्हॅनसाठी तेव्हा एकच माल यायचा, हे थंडेरावांशिवाय कुणाच्या डोक्यात आलं असतं? गंजलेले बोल्ट सोडवायला तीन रविवार लागले. नंतर सगळा उघडून, घासूनपुसून, नवी सील टाकून त्यांनी तो फिरवून पाहिला, तेव्हा घड्याळ ऐकावं तसा कान लावून कितीतरी वेळ ते ऐकत बसले.

डॉक्टरीणबाई बघायला आल्या. "अरे वा, छान," म्हणाल्या आणि लगेच वळल्या. "दरवाजाचा रंग आज लावला ना? तो दाखवा आधी."

थंडेरावांनी बोनेट खाली केलं. त्यांची आठ महिन्यांची मेहनत झाकणाखाली गेली. साडूचा रंग मात्र सगळ्या जगासमोर उन्हात चमकत होता.

राहिलं होतं ते पेटीसारखं युनिट. ते काही केल्या मिळेना. आणि एका मंगळवारी साडू शीळ घालत आला, काखेत पोतं.

"दादा, ओळखा काय आणलंय!"

पोत्यातून युनिट निघालं. कुणा निवृत्त ड्रायव्हरच्या घरी साडू फाटक रंगवायला गेला होता. पाणी मागायला स्वयंपाकघरात डोकावला, तर ओट्याखाली हे उलटं ठेवलेलं आणि त्यात कांदे भरलेले. साडूनं ड्रायव्हरच्या बायकोला कांद्यांसाठी नवी टोपली आणून दिली आणि हे घेऊन आला. बस्, एवढंच. थंडेराव आठ महिने गुडघेदुखी ऐकत हिंडले आणि याला तहान लागली म्हणून सापडलं!

"मला यातलं काही कळत नाही," साडू म्हणाला. "तुम्ही बघून सांगा, आपल्या सालाचं आहे ना?"

थंडेरावांनी युनिट हातात घेतलं. पेटी बरोबर होती, बटणंही बरोबर. मग बोट जाळीवर गेलं आणि थांबलं. अडुसष्टच्या पट्ट्या धातूच्या, हाताला गार लागणाऱ्या. या पट्ट्या गार लागत नव्हत्या. प्लास्टिकवर चकाकी चढवलेली होती, म्हणजे माल सत्तर सालानंतरचा. दिसायला तंतोतंत, पण नखानं वाजवलं तर टण् न होता टकटक होणार.

तोंडावर आलं होतं, जाळी बदलावी लागेल. पण समोर तो हसरा चेहरा, त्या कांद्याच्या गोष्टीनं फुललेला. थंडेराव म्हणाले, "बसेल."

खोटं नव्हतंच ते. युनिट बसणार होतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी ते बसवलं, नळ्या जोडल्या, गॅस भरला. गार वारा आला तेव्हा डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. "बाबा या वाऱ्यासमोर हात धरून बसायचे," त्या म्हणाल्या आणि साडूकडे वळून, "तुम्ही कुठून शोधून काढलंत हो हे!"

प्रदर्शनाला पाच आठवडे होते. पाच आठवड्यांत थंडेरावांना सांगायला पन्नास वेळा संधी आली. साडू चहा घेऊन आला तेव्हा, बाईंनी फोन केला तेव्हा, गाडीला शेवटचं पॉलिश चाललं होतं तेव्हा. दर वेळी ते मनाशी म्हणायचे, आपल्याला कुणी परत विचारलंय का? विचारलं तर सांगू. आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या डोळ्यांपुढं परीक्षकाचं नख यायचं. जाळी टकटक वाजायची, साडूची शीळ बंद व्हायची. त्या चित्रानं त्यांना छान झोप लागायची.

झालंही तसंच. प्रदर्शनाच्या मैदानात चष्मेवाला परीक्षक आला. रंगावर खूश झाला. बोनेट उघडून कंप्रेसर पाहिला आणि म्हणाला, "हा कुठं मिळाला तुम्हाला? कमाल आहे!" थंडेराव ताठ झाले. मग परीक्षक आत वाकला. टकटक. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. "जाळी नंतरची आहे," तो बाईंना म्हणाला. "वाईट वाटतं, पण गुण कापावे लागतील." पहिला नंबर गेला. दुसराही गेला.

बाई थंडेरावांकडे वळल्या. "तुम्ही पाहिलं होतंत ना हे?"

तेवढ्यात साडू पुढं झाला. "त्यांची काही चूक नाही. आणलं मी, घाई केली मी. दादांनी नुसतं बसवलं."

ज्या क्षणाची पाच आठवडे वाट पाहिली, तो असा आला आणि थंडेरावांना काही गोड लागला नाही. उलट नवाच जळफळाट सुरू झाला. रंगात पुढं, नशिबात पुढं, आता चांगुलपणातही हाच पुढं! आणि तो चांगुलपणा त्यांच्याच पापावर पांघरूण घालत होता.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "मला काय सांगताय? माझी गाडी आहे का? त्यांना जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडेराव साडूच्या कारखान्यात गेले. तो गाडीच्या एका दरवाजावर पॉलिश पेपर घासत होता.

"ती जाळी चुकीची आहे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं," थंडेराव म्हणाले.

घासणं थांबलं. "मग?"

"बोललो नाही. तुझी फजिती व्हावी असं वाटत होतं."

साडूनं हातातला पेपर दरवाजावर ठेवला. "दादा, मी तुम्हाला विचारलं होतं," तो एवढंच म्हणाला. "तुम्ही 'बसेल' म्हणालात, म्हणजे बरोबरच असणार असं धरून चाललो." मग त्यानं परत घासायला सुरुवात केली. शीळ नव्हती. थंडेराव निघाले.

पुढं अडीच महिने दोन्ही घरांत येणंजाणं नव्हतं. बहिणी फोनवर बोलायच्या, तेही तुटक. त्या सकाळी साडूकडून निघाल्यावर थंडेराव डॉक्टरीणबाईंकडेही गेले आणि तेच वाक्य तिथंही बोलले. बाईंनी चष्मा काढून पुसला. "याचा मला राग आलाय," म्हणाल्या. "जाळी मात्र तुम्हीच शोधायची."

त्यांनी शोधली. दुसऱ्या गावातल्या एका हौशी माणसाकडे धातूच्या पट्ट्यांची जाळी निघाली, पण त्याला बदल्यात त्या व्हॅनमध्ये सापडलेला कंप्रेसरचा दुसरा क्लच हवा होता, जो थंडेरावांनी जास्तीचा म्हणून जिवापाड जपून ठेवला होता. त्यांनी तो दिला आणि एकट्यानं जाऊन जाळी बसवली. बाईंनी चहा दिला, पण गप्पा मारल्या नाहीत.

मग एक दिवस साडूचा फोन आला. "एक जुनी गाडी आलीय. एसीचं बघायला याल का? पण बघाल ते तोंडानं सांगायचं."

"येतो," थंडेराव म्हणाले.

गेले, तर कारखान्यात रंगासाठी नवी बंदिस्त खोली बांधलेली, छताला चारी बाजूंनी दिवे. थंडेराव दाराशीच थांबले.

"ही खोली बघून जळलो मी," ते म्हणाले.

साडूनं हातातलं फडकं खाली ठेवलं. चेहऱ्यावर हसू आलं नव्हतं, पण रागही नव्हता. "जळा," तो म्हणाला. "पण आधी आत या, बोनेट उघडून ठेवलंय."