कुणाच्या नावची ज्वारी

कणगीतली ज्वारी उपसताना वाळल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला, की मला सोमेश्वरनगरच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, आठवतात. गावातल्या घराघरांतून धान्य गोळा करून आम्ही बायका तिथं वाटायचो. मुलगा गेला त्या वर्षी मी त्याच्या नावानं आमच्या घरचीही ज्वारी त्यात घातली होती, कुणाला न सांगता. पदर पुढं करत एका बाईनं विचारलं, “ताई, ही कुणाच्या नावची हाय? पयला घास त्याच्यासाठी काढून ठिवते.” मी मुलाचं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा पुटपुटलं आणि निघून गेली. मला काहीच वाटलं नाही. मी पुढचं माप भरलं. घरात ते नाव आम्ही अजूनही घेत नाही. त्या बाईच्या कोपीत तेवढं घेतलं गेलं असेल.